सिल्वासात बिऱ्हाड करताना: हद्द ओलांडण्याचा खर्च

सिल्वासातल्या एखाद्या कारखान्याचं बोलावणं आलं की नाशिक, धुळे, जळगाव किंवा पालघरच्या घरात पहिला प्रश्न निघतो खोलीच्या भाड्याचा. दुसरा, डबा कितीला पडतो याचा. हे दोन्ही खर्च डोळ्यांसमोरचे आहेत. पहिल्या महिन्यातच त्यांचा अंदाज येतो आणि माणूस सांभाळून घेतो. घराचं गणित बिघडतं ते वेगळ्याच गोष्टींनी: गाडीचा कर, मुलाची दहावी-बारावी, जातीचं प्रमाणपत्र, रेशन, रेल्वेचा पास. सिल्वासा पालघर जिल्ह्याला खेटून आहे, मराठी तिथे सहज चालते, म्हणून आपण शेजारच्या तालुक्यात चाललोय असंच वाटतं. पण मधे हद्द आहे, आणि तिचा खर्च कुणी आधी सांगत नाही. तो इथे मांडतो आहे.

ही हद्द समजून घेतली तर पुढचं सोपं जाईल. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजाभाऊ वाकणकर ही आपली माणसं होती. १९६१ साली सिल्वासासह दादरा नगर हवेली हा सगळा प्रदेश रीतसर भारतात आला, पण तो महाराष्ट्रातही गेला नाही आणि गुजरातेतही नाही, केंद्रशासित राहिला. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसोबत त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. १९६५ मध्ये पिपरियाला सहकारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे मसाट, खडोली आणि सिल्वासात सरकारी वसाहती झाल्या. विक्रीकर आणि आयकरातल्या सवलतींमुळे कारखाने आले, विशेषतः पॉलिस्टर धाग्याचे. सवलतींच्या मुदती संपल्या तरी कारखाने राहिले आणि त्यांच्याभोवती गाव वाढलं. २०११ च्या जनगणनेत सिल्वासा शहराची वस्ती ९८,२६५ होती.

असं गाव एकटं सिल्वासाच नाही. बंगळुरूच्या उंबऱ्यावरचं तमिळनाडूतलं होसूर घ्या. सत्तरच्या दशकात तमिळनाडू सरकारनं तिथे वसाहत काढली, टायटन, टीव्हीएस, अशोक लेलँड आले, आणि आज हजारो माणसं एका राज्यात राहून दुसऱ्यात कामाला जातात. तिथेही गाडीची पाटी, मुलांची शाळा आणि प्रवेशाचा कोटा हेच प्रश्न घरोघरी आहेत. सिल्वासात हद्द आणखी गुंतागुंतीची आहे. वापी स्टेशनवरून निघालात की आधी गुजरात, मग दादरा, मग पुन्हा गुजरातचा एक पट्टा आणि त्यानंतर नगर हवेली. अठरा-वीस किलोमीटरच्या रस्त्यात कायदा तीन वेळा बदलतो.

पगाराची चिठ्ठी आधी वाचा

नोकरी कबूल करण्याआधी 'हातात किती' हे विचारायचं. समजा एकूण पगार २०,००० आणि त्यातला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,०००. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातील. कारखान्याला कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे १५० रुपये. हातात १८,०५०. व्यवसाय कर दादरा नगर हवेलीत नाही. महाराष्ट्रात तो वर्षाला जास्तीत जास्त २,५०० आहे, आणि वापीच्या कारखान्यात १२,००० च्या वर पगार असेल तर महिन्याला २००. त्यामुळे वापी आणि सिल्वासा अशा दोन्हीकडून बोलावणं असेल तर पगाराची तुलना करताना एवढा फरक धरा.

कापलेल्या १,८०० रुपयांकडे खर्च म्हणून पाहू नका. तेवढीच रक्कम मालकही भरतो. ठेकेदाराकडून काम मिळत असेल तर मात्र पहिल्या महिन्यातच आपल्या यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या क्रमांकावर पैसे जमा झाले का, हे मोबाइलवर पाहा. कपात झाली आणि भरणा नाही, असं दिसलं तर मूळ कारखान्याच्या कार्यालयात जा. ठेकेदार चुकला तरी कायद्यानं जबाबदारी त्या कारखान्याचीही असते.

धाग्याच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यात पाळी आठ तासांची की बारा, हे विचारल्याशिवाय पगाराचा आकडा अपुरा आहे. बारा तासांची पाळी आठवड्याचे सहा दिवस धरली आणि रोज एक तास विश्रांतीचा वजा केला तरी ६६ तास भरतात. आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर, हा नियम आहे. समजा तुमचा तासाचा दर ६० रुपये. जादा १८ तासांचे साध्या दरानं १,०८० होतात, कायद्यानं २,१६०. आठवड्याला १,०८० चा फरक म्हणजे महिन्याला चार हजारांच्या वर. खोलीच्या भाड्यात पाचशे कमी करून घ्यायला आपण तासभर घासाघीस करतो. त्यातला थोडा नेट इथे लावला तर जास्त पदरात पडेल. किमान वेतनाचे दर प्रशासन महागाई भत्त्यासह वर्षातून दोनदा सुधारतं. ताजी अधिसूचना कामगार कार्यालयात मिळते, तिची एक प्रत जवळ ठेवा.

खोली, वीज आणि गॅस

भाड्याचा आकडा वस्तीवर ठरतो. मसाट, पिपरिया, दादरा या बाजूंना कामगारांच्या चाळी आहेत. शहरात सोसायट्यांमधले फ्लॅट आहेत. माझं मत सरळ आहे: हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यापुढे भाडं जाऊ देऊ नये. वरच्या हिशेबात ते ३,६०० च्या आसपास येतं. एकट्या पगारात त्यापुढचं घर परवडत नसेल तर दोघांनी मिळून घ्यावं. कारखान्याच्या जवळची खोली थोडी महाग असली तरी घ्या. रात्रपाळी सुटल्यावर शेअर रिक्षा मिळत नाही आणि स्वतंत्र रिक्षाचे पैसे महिनाभरात भाड्यातला फरक गिळून टाकतात. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून तळमजल्याची खोली उन्हाळ्यात पसंत केलीत तर भिंतीवर गेल्या पावसाळ्याची ओल कुठवर चढली होती ते बघून घ्या.

अनामत किती द्यायची? केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२३ मध्ये दादरा नगर हवेली व दमण-दीवसाठी भाडेकरूंविषयीचा वेगळा विनियम मंजूर केला. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या धर्तीवरच तो बेतलेला आहे. त्या आदर्श कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मर्यादित आहे आणि लेखी करार सक्तीचा आहे. कुणी सहा महिन्यांची अनामत मागत असेल तर हे शांतपणे सांगा. करार लेखीच करा. पुढे गॅस, बँक, मुलाची शाळा, गाडी यांतल्या प्रत्येक कामाला पत्त्याचा पुरावा लागतो आणि तोंडी ठरलेल्या खोलीत तो मिळत नाही. कराराचा खर्च वाचवणारे पुढे त्याच्या कितीतरी पट खर्च करताना मी पाहिले आहेत.

चाळीत विजेचा खरा दर घरमालक ठरवतो, तिथे नीट बघा. अधिकृत दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. एप्रिल २०२२ पासून वितरणाचं काम टोरेंट पॉवरचा बहुसंख्य हिस्सा असलेल्या कंपनीकडे आहे. चाळीत बहुधा पोटमीटर असतो आणि मालक स्वतःचा दर लावतो. ७५ वॅटचा एक पंखा दिवसाला वीस तास चालला तर दीड युनिट, महिन्याला ४५. दोन पंखे, दिवे आणि मोबाइल धरून १०० युनिट सहज होतात. मालकानं युनिटमागे तीन रुपये जास्त घेतले तर वर्षाला ३,६०० रुपये, म्हणजे एका महिन्याचं भाडं गेलं. खोली बघतानाच मालकाला त्याचं शेवटचं वीजबिल दाखवायला सांगा. मीटर तुमच्या खोलीचा स्वतंत्र आणि कंपनीचा असेल तर भाडं थोडं जास्त दिलं तरी चालेल.

गॅससाठी पत्त्याचा पुरावा हाती नसेल तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या, तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे तो महाग पडतो, तेव्हा करार हातात आला की १४.२ किलोची जोडणी गावाहून बदलून आणा. काही सोसायट्यांत गुजरात गॅसची पाइपलाइन आहे. तिथे सिलिंडरचा प्रश्नच उरत नाही.

काय स्वस्त, काय नाही

सिल्वासात सगळं स्वस्त मिळतं ही समजूत विक्रीकराच्या काळातली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर देशभर सारखा आहे, त्यामुळे टीव्ही, फ्रिज, मोबाइल, कपडे इथे घेऊन कराची बचत होत नाही. स्वस्त आहे ते या कराच्या बाहेर राहिलेलं: पेट्रोल, डिझेल आणि दारू. अलीकडच्या वर्षांत पेट्रोल मुंबईपेक्षा लिटरमागे आठ-दहा रुपयांनी कमी राहिलं आहे. महिन्याला वीस लिटर लागत असेल तर दीड-दोनशे रुपये वाचतात, इतकंच. दारूबद्दल एकच सांगतो. सिल्वासाहून वापी स्टेशनला किंवा भिलाडमार्गे मुंबईला जाताना गुजरात लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. पिशवीत एक बाटली सापडली तरी गुन्हा दाखल होतो आणि गाडी जप्त होऊ शकते. नातेवाइकांनी कितीही गळ घातली तरी नेऊ नका.

रेल्वे, टोल आणि गाडीची पाटी

सिल्वासाला रेल्वे स्टेशन नाही. वापी हेच स्टेशन. मुंबईची लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत येते, वापीपर्यंत नाही. मासिक पासाची कमाल मर्यादा १५० किलोमीटर आहे आणि मुंबई सेंट्रल ते वापी अंतर त्याहून जास्त, म्हणून तेवढा सलग पास मिळत नाही. बोरिवली मात्र मर्यादेत बसतं. शनिवारी घरी आणि सोमवारी पहाटे परत, असा बेत असणाऱ्यांनी पासाच्या आधी आठवड्याला किती फेऱ्या खरंच होतील ते पाहावं. दोनच फेऱ्या असतील तर सुटं तिकीटही हिशेबात बसू शकतं.

स्वतःच्या मोटारीनं मुंबईहून येताना खानिवडे आणि चारोटी असे दोन टोलनाके लागतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना वर्षाचा फास्टॅग पास मिळतो; सुरुवातीला त्याची किंमत ३,००० रुपये होती. तो वर्षभर किंवा २०० वेळा नाका ओलांडेपर्यंत चालतो. जाऊन-येऊन चार वेळा धरले तर पन्नास फेऱ्या, आणि त्या किमतीत दर नाक्याला पंधरा रुपये. दर आठवड्याला येणाऱ्याचं काम एका पासात जवळपास वर्षभर निभतं.

गाडीची पाटी हा मोठा खर्च आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसरीकडे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी महाराष्ट्रातल्या मूळ आरटीओचा ना हरकत दाखला, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचाही, मग इथला कर, आणि त्यानंतर महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या वर्षांचा परतावा. परतावा अर्ज केल्याशिवाय मिळत नाही आणि बरेच लोक तो करतच नाहीत. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीवर किमतीच्या ११ ते १३ टक्के कर आहे. गाडी नवी असेल तर ही रक्कम सोडून देण्यासारखी मुळीच नाही.

नवीनच गाडी घ्यायची असेल तर बीएच मालिकेचा विचार करा. ज्यांच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत आहेत त्यांना, तसंच केंद्रीय कर्मचाऱ्यांना ती मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि बदली झाली तरी पाटी बदलावी लागत नाही. उलटा मार्गही काहींना सुचतो: राहायचं मुंबईत आणि कमी करासाठी गाडी नोंदवायची सिल्वासाच्या पत्त्यावर. हे करू नका. पत्ता खोटा ठरला तर महाराष्ट्रातला पूर्ण कर दंडासह भरावा लागतो आणि खोट्या कागदांचा गुन्हा वेगळाच.

मुलांची शाळा: सर्वांत महाग पडणारी चूक

इथे जरा थांबून वाचा, कारण या खर्चाचा आकडा काढताच येत नाही.

प्राथमिक वर्गांची फारशी काळजी नाही. इथे गुजराती, हिंदी, इंग्रजीसोबत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. प्रवेश घेताना एवढं विचारा की मराठीचे वर्ग त्या शाळेत कोणत्या इयत्तेपर्यंत आहेत आणि पुढे मूल कुठे जातं. सातवी-आठवीत माध्यम बदललं की शिकवणीचा खर्च सुरू होतो आणि मुलाचा आत्मविश्वासही डळमळतो.

खरी अडचण दहावी-बारावीला येते. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून, अशी अट आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. खासगी कारखान्यातल्या नोकरदाराला नाहीत. म्हणजे नाशिकचं मूल वडिलांच्या नोकरीपायी सिल्वासात दहावी झालं तर नीटमध्ये गुण चांगले असूनही त्याला नाशिकच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची राज्य कोट्यातली जागा मागता येत नाही. सरकारी आणि खासगी महाविद्यालयांच्या फीमधलं अंतर ज्यांना माहीत आहे त्यांना यातली हानी समजेल. अभियांत्रिकीचे नियम तुलनेनं सैल आहेत; आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर एक वाट उघडी राहते. म्हणून गाव सोडण्याआधी नवरा-बायको दोघांचंही अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. तहसील कार्यालयात तेव्हा किरकोळ शुल्कात होणारं हे काम दहा वर्षांनी राहण्याचे पुरावे गोळा करत करावं लागलं तर सुट्ट्या आणि प्रवासातच पैसे जातात.

सिल्वासात आता नमो वैद्यकीय महाविद्यालय आहे; एप्रिल २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. इथल्या अधिवासाच्या अटी पूर्ण होत असतील तर तोही मार्ग आहे. पण दोन्हीकडे अर्धे-अर्धे राहिलात तर दोन्ही कोटे हातचे जातात. मूल आठवीत जाण्याआधी घरात बसून ठरवा: इथलेच व्हायचं, की शिक्षण महाराष्ट्रातच ठेवायचं. दुसरं ठरलं तर आजी-आजोबांकडे, वसतिगृहात किंवा तलासरी-डहाणूकडे बिऱ्हाड, असे पर्याय आहेत. दोन चुली चालवण्याचा खर्च जड असतो, तरीही डॉक्टर होण्याची जिद्द असलेल्या मुलासाठी मी तोच सुचवीन.

जातीच्या प्रमाणपत्राचंही असंच आहे. स्थलांतरित कुटुंबाला मूळ राज्यातल्या जातीच्या आधारे नव्या ठिकाणच्या राखीव जागा आपोआप मिळत नाहीत. जव्हारचा वारली आणि खानवेलचा वारली नात्यातले असतील, एकाच लग्नात तारपा वाजवत असतील, तरी कागदावर त्यांची यादी वेगळी आहे. मुलांची जात प्रमाणपत्रं आणि शक्य असेल तिथे पडताळणी मूळ जिल्ह्यातच पूर्ण करून निघा.

आजारपण आणि रेशन

सिल्वासात विनोबा भावे सरकारी रुग्णालय आहे. वापीला खासगी रुग्णालयं आहेत. राज्य विम्याचं कार्ड असेल तर ते कोणत्या दवाखान्यात चालतं ते रुजू होताच विचारून ठेवा, आजारी पडल्यावर नाही. आयुष्मान कार्ड देशभर चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देतं. सत्तरीपुढच्या आईवडिलांना उत्पन्नाची अटही नाही. मात्र महाराष्ट्राची म्हणून जी वेगळी योजना आहे तिच्या भरवशावर इथल्या रुग्णालयात जाऊ नका.

एक देश, एक रेशनकार्ड या सोयीमुळे गावाकडचं कार्ड इतर ठिकाणीही चालतं, माणशी पाच किलो. पण दादरा नगर हवेलीच्या शहरी भागात २०१६ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे देण्याची पद्धत आणली गेली. म्हणून तुमच्या वस्तीजवळ प्रत्यक्ष धान्य देणारं दुकान आहे का, हे पुरवठा कार्यालयात विचारा. नसेल तर कुटुंबातले जे गावी राहतात त्यांनी तिथूनच उचल चालू ठेवावी, आणि इथे किराण्याचा पूर्ण खर्च धरावा.

घर विकत घेताना

पाच-सात वर्षं झाली की फ्लॅट घ्यावासा वाटतो. मराठी ग्राहकाची इथे एक सोय आहे: दादरा नगर हवेली महाराष्ट्राच्या घरबांधणी नियामकाच्या, म्हणजे महारेराच्याच कक्षेत येते, आणि उच्च न्यायालयही मुंबईचंच. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मुदत, मंजूर नकाशे, खटले सगळं पाहता येतं. नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. दर नेहमी चटई क्षेत्रावर विचारा. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे. ९० चौरस मीटरपर्यंतचं चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर हा कर नाही. मुद्रांक व नोंदणीचे दर महाराष्ट्राचे गृहीत धरू नका, इथल्या उपनिबंधक कार्यालयातून लिहून घ्या.

जमिनीच्या तुकड्याबाबत दुप्पट सावध राहा. इथली बरीच जमीन १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाखाली आदिवासी कुटुंबांना मिळालेली आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. साठेखत, मुखत्यारपत्र असल्या कागदांवर ती 'स्वस्तात' देणारे दलाल भेटतील. त्यात तुमचे पैसे अडकतात आणि एका आदिवासी घराची जमीन जाते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा सुमारे चार किलोमीटरचा मार्ग या प्रदेशातून जातो आणि वापीला स्टेशन होतंय, या नावानंही प्लॉट खपवले जातात. स्टेशनापासूनचं अंतर स्वतः गाडीनं मोजा, बिनशेतीचा आदेश आणि मालकीचा उतारा मामलेदार कार्यालयात तपासा, आणि हे दोन्ही हातात येईपर्यंत टोकनचे पैसेही देऊ नका. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात फसवणूक झालीच तर तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही.